‘क्लीव्ह’ : दुभंगणारे आणि बिलगणारे क्रियापद

इंग्रजी शब्द पाठ करण्याची आपली रीत सर्वांच्या परिचयाची आहे. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढावयाची. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा मराठी अर्थ. खालच्या इयत्तांत ही रीत उपयोगी पडते, यात शंका नाही. परंतु साहित्यिक इंग्रजी वाचावयास घेताच ती अपुरी पडू लागते. ‘क्लीव्ह’ या क्रियापदापाशी तर ती वाचकास सरळ फसविते. याचा एक अर्थ चिरणे, दुभंगणे. दुसरा चिकटणे, बिलगणे, निष्ठेने धरून राहणे.

वस्तुतः हा एक शब्द नव्हेच. प्राचीन इंग्रजीत चिरणे या अर्थाचे एक आणि चिकटणे या अर्थाचे दुसरे, अशी दोन स्वतंत्र क्रियापदे होती. उच्चार झिजत गेले आणि दोहोंचे वर्तमानकाळी रूप एकच झाले. पहिल्याचे दूरचे नाते कोरणे या अर्थाच्या ग्रीक धातूशी आहे. ‘हायरोग्लिफ’ या शब्दात तो धातू आढळतो. दुसऱ्याचे नाते ‘क्ले’शी, म्हणजे चिकणमातीशी. मराठीत ‘वार’ म्हणजे आठवड्याचा दिवस आणि शस्त्राचा घावही, तसेच हे. (आपण नारळ फोडतो आणि ‘वाढवला’ म्हणतो, ती गोष्ट मात्र निराळी, तेथे क्रियापद एकच असून अशुभ शब्द टाळण्यासाठी त्याचा अर्थ फिरविला आहे.)

1611 साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात हे दोन्ही अर्थ शेजारीशेजारी नांदतात. पुरुष आईवडिलांस सोडून पत्नीशी एकरूप होतो तेथे ‘क्लीव्ह’. सासूची साथ न सोडणाऱ्या रूथच्या कथेत त्याचेच भूतकाळी रूप. स्तोत्रांत जीभ टाळूला चिकटते तेथे पुन्हा ‘क्लीव्ह’. आणि रानात खडक फोडून पाणी काढले जाते, तेथेही हेच क्रियापद.

मग अर्थ ओळखावा कसा? क्रियापदापुढील शब्द पाहावा. ‘टू’ किंवा जुन्या भाषेत ‘अनटू’ असेल, तर अर्थ चिकटण्याचा. थेट कर्म असेल, किंवा ‘थ्रू’ असेल, तर चिरण्याचा. जहाज पाणी कापीत जाते ते याच अर्थाने. रूपांचीही मदत होते. ‘क्लोव्ह’, ‘क्लेफ्ट’, ‘क्लोव्हन’ ही रूपे आजच्या इंग्रजीत चिरण्याचीच. दुभंगलेल्या ओठास ‘क्लेफ्ट लिप’, गाईच्या दुभंगलेल्या खुरास ‘क्लोव्हन हूफ’, खाटकाच्या सत्तुरास ‘क्लीव्हर’. अभ्रकाचे पापुद्रे ज्या गुणामुळे सुटतात, त्यास ‘क्लीव्हेज’ म्हणतात. चिकटण्याच्या अर्थाचे भूतकाळी रूप आज बहुधा ‘क्लीव्ह्ड’ एवढेच. पण हे रूप चिरण्यासाठीही चालते, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये.

ही शब्दचिकित्सा कोरडी वाटेल, म्हणून एक वाक्य घेऊ : ‘द व्हिलेजर्स क्लीव्ह्ड टू देअर ओल्ड कस्टम्स.’ वहीत केवळ ‘दुभंगणे’ लिहून घेतलेला विद्यार्थी याचे भाषांतर ‘गावकऱ्यांनी जुन्या चालीरीती मोडल्या’ असे करील. मूळ वाक्य सांगते की त्यांनी त्या घट्ट धरून ठेवल्या. वाक्य व्याकरणशुद्ध, मराठी सफाईदार, आणि रूढींना कवटाळणारे गाव सुधारणावादी ठरून मोकळे! अशी चूक परीक्षेत गुण घालविते. न्यायालयातील जबानीच्या किंवा इतिहासाच्या साधनांच्या भाषांतरात ती कोणाची तरी बाजूच उलटी करून टाकील. भाषांतराच्या क्षेत्रात शिरलेल्या माजी विद्यार्थ्यांनी एवढ्यासाठी शब्दकोशातील नोंद शेवटपर्यंत वाचावी. चांगल्या कोशात ‘क्लीव्ह’च्या दोन वेगळ्या नोंदी, 1 आणि 2 असे अंक घालून, दिलेल्या असतात.

पालकांसाठी स्वयंपाकघरातील एक उदाहरण. लसणाच्या पाकळीस इंग्रजीत ‘क्लोव्ह’ म्हणतात. तो शब्द चिरण्याच्या कुळातला, कारण गड्डा फुटून पाकळ्या होतात. लवंगेसही ‘क्लोव्ह’च म्हणतात. तिचा मात्र या क्रियापदाशी काहीही संबंध नाही. तो शब्द खिळा या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला आहे. लवंग हाती घेऊन पाहिल्यास त्याचे कारण दिसते.