वेबसाइटलाही ठरलेले माप हवे

बोल्ट एका कारखान्याचा, नट दुसऱ्याचा. तरी दोन्ही बसतात, कारण आट्यांचे माप ठरलेले असते. वेबसाइट आपली आणि ब्राउझर ग्राहकाचा, तेव्हा तेथेही समान माप हवे. ते ठरविण्यासाठी टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ मध्ये डब्ल्यू-थ्री-सी ही संस्था स्थापन केली.

माप सोडले की नुकसान व्यापाऱ्याचेच होते. दक्षिण कोरियातील ऑनलाइन दुकाने व बँका अनेक वर्षे इंटरनेट एक्सप्लोररच्या ॲक्टिव्हएक्सवर विसंबून होत्या. अन्य ब्राउझर वापरणाऱ्याला पैसेच भरता येत नसत. एका टीव्ही मालिकेत दिसलेला कोट चिनी ग्राहकांना हवा होता. पण ॲक्टिव्हएक्स आणि सरकारमान्य प्रमाणपत्राची अट आड आली. २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-हे यांनीच ही अडचण जाहीरपणे मांडली. पुढे २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर बंद केला.

व्यापारी व कारागीर बांधवांना आमची सूचना अशी: वेबसाइट करून घेताना प्रमाणित नियम पाळण्याची अट लेखी घाला. मराठी मजकूर युनिकोडमध्येच घ्या. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी दोन-तीन ब्राउझरवर आणि साध्या मोबाइलवर ऑर्डर देऊन पाहा. मापात चोख राहण्याची दीनची शिकवण येथेही उपयोगी पडेल.