उपासनेनंतरचे सहा दिवस

पळस्पे फाट्यावर एक रस्ता पुण्याकडे निघतो आणि दुसरा कोकणात, गोव्याकडे. जेएनपीए बंदराचे कंटेनर, कोकणातल्या एसट्या, गणपतीला गावी निघालेली बिऱ्हाडे, सगळी इथूनच जातात. माझा संसार याच पळस्पे गावात झाला. नर्सिंगचे शिक्षण मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात, नोकरी पनवेलच्या आसपास आणि रविवारी चर्चमध्ये सहकुटुंब उपासना. रुग्णांचे आजार, नातेवाइकांची भांडणे, मंडळीतले रुसवेफुगवे जवळून पाहताना प्रार्थना आणि क्षमा यांविषयी काही गोष्टी मनात पक्क्या झाल्या. ज्या घरात रोज प्रार्थना होते आणि तरीही सख्ख्या भावांत अबोला आहे, त्या घरासाठी या गोष्टी मी लिहीत आहे.

१. प्रार्थनेत माणसाचे नाव घ्या

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल उभे केले. शस्त्रक्रियेआधी प्रार्थना करायची, ही तिथली जुनी रीत. आम्हा शिकाऊ नर्सना त्यातून एक धडा मिळाला: टेबलावरच्या माणसाचे नाव ठाऊक हवे. ‘प्रभू, सर्वांचे भले कर’ ही प्रार्थना चांगलीच आहे, पण ती केल्यावर आपल्यावर कसलीच जबाबदारी येत नाही. एखाद्या शेजारणीचे नाव घेऊन प्रार्थना केली, की दुसऱ्या दिवशी तिच्या दारात जाऊन ‘ताप उतरला का?’ असे विचारावेच लागते. म्हणून मी प्रार्थनेची वही ठेवते. तिच्यात विनंत्या थोड्या आणि नावे जास्त असतात. रात्रपाळी असो की घरात पाहुणे असोत, वही उघडण्याची वेळ ठरलेली असावी. सवड मिळेल तेव्हा करू म्हटलेली प्रार्थना हळूहळू सुटते.

२. ‘आमेन’ म्हटल्यावर कामाला लागा

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनकडे पाहावे. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी अन्नाला महाग झालेल्या मुली आणि विधवा आणल्या. १९०५ साली तिथे झालेल्या प्रार्थनेच्या जागृतीबद्दल ख्रिस्ती जगात आजही बोलले जाते. त्याच आवारात शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. त्यांच्या दिवसात प्रार्थना आणि श्रम यांच्यामध्ये भिंत नव्हती.

आम्हा पळस्पेकरांची परीक्षा महामार्गावर होते. अपघात झाला की गर्दी जमते, मोबाइल निघतात आणि ‘पोलिसांचे लफडे नको’ म्हणून माणसे मागे सरतात. प्रभू येशूने सांगितलेल्या दृष्टान्तात याजक आणि लेवी जखमी माणसाच्या बाजूने निघून गेले, थांबला तो शोमरोनी. आपल्याकडे मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या तरतुदीलाही ‘गुड समॅरिटन’, म्हणजे भला शोमरोनी, हेच नाव आहे. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याविषयीच्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिले आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. मदत करणाऱ्यावर आपले नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही आणि सद्भावनेने केलेल्या मदतीसाठी त्याला कोर्टात खेचता येत नाही. १०८ ला फोन करा, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखम दाबून धरा, मान-पाठ उगाच हलवू नका. जखमीसाठी प्रार्थना हे करता करता करावी.

३. रागाची तक्रार आधी देवाकडे न्या

नवी मुंबईचा विमानतळ येणार म्हटल्यापासून पनवेल तालुक्यात जमिनीला सोन्याचा भाव आला आणि गावोगावी भाऊबंदकी कोर्टात गेली. ख्रिस्ती घरेही त्यातून सुटलेली नाहीत. आमच्या माहेरच्या वाटणीत एका जवळच्या नातेवाइकाने आम्हा बहिणींना डावलले. वर्षानुवर्षे त्याचे नाव निघाले की माझ्या घशाशी आवंढा येई. कोणी ‘विसरून जा’ म्हटले, की अधिकच जळत असे.

उपयोग झाला तो स्तोत्रसंहितेचा. तिथे भक्त देवापुढे रडतात, भांडतात, ‘हे कुठवर चालणार?’ असे विचारतात. मीही सगळे बोलले: काय घेतले, कसे घेतले, मला काय वाटले. तक्रार देवाकडे नेली, की ती दहा जणांच्या कानांवर घालायची गरज उरत नाही. जखम दाबून टाकली तर ती आत चिघळते, हे नर्सला कोणी सांगावे लागत नाही.

प्रभूची प्रार्थना आपण सगळे तोंडपाठ म्हणतो. भाकर, मोह, वाईटापासून सुटका अशा किती विनंत्या तिच्यात आहेत. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात ती शिकवून झाल्यावर येशू लगेच एकाच विनंतीकडे वळतो: तुम्ही माणसांना क्षमा केली नाही, तर तुम्हालाही क्षमा नाही. इतका भार त्याने दुसऱ्या कुठल्या विनंतीवर घातलेला नाही.

४. क्षमेला कृती लागते

भावना येण्याची वाट पाहत बसलो तर जन्म जाईल. मी त्या नातेवाइकाच्या मुलांची नावे वहीत लिहिली आणि रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करू लागले. त्याची बायको आजारी पडली तेव्हा मी दवाखान्यात डबा घेऊन गेले. वाटणीचा विषय त्या दिवशी निघाला नाही, मीही काढला नाही. मन मोकळे झाले ते नंतर, हळूहळू.

याहून फार मोठे उदाहरण मध्य प्रदेशात घडले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी सिस्टर राणी मारिया यांना समंदर सिंह याने बसमधून खेचून ठार केले. गरीब शेतमजुरांना सावकारी पाशातून सोडवण्याचे त्यांचे काम काहींना खुपत होते. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल २००२ साली तुरुंगात गेली आणि तिने त्याच मारेकऱ्याला राखी बांधून भाऊ मानले. शिक्षा पुरी होण्याआधी त्याची सुटका व्हावी म्हणून राणी मारिया यांच्या घरच्यांनी आणि धर्मभगिनींनी साथ दिली, आणि २००६ साली तो बाहेर आला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला कॅथोलिक चर्चने राणी मारिया यांना ‘धन्य’ घोषित केले. आपल्या वाट्याला सहसा एवढे मोठे दुःख येत नाही. येतो तो बांध, वाटणी, लग्नातला मानपान. तिथे तरी हात पुढे करावा.

५. क्षमेच्या नावाखाली अन्याय झाकू नका

वॉर्डात अंगावर वळ असलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. ‘जिन्यावरून पडले’ असे त्या सांगत. त्यांतल्या काहींना घरच्यांनी आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी ‘क्षमा कर आणि परत जा’ असा सल्ला दिलेला असे. हा सल्ला येशूच्या शिकवणीत बसत नाही. क्षमा ही मनातला सूड सोडण्याची गोष्ट आहे आणि संरक्षण ही जीव वाचवण्याची. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आणि १८१ ही महिला हेल्पलाइन अशाच बाईसाठी आहेत. तिने तक्रार केली म्हणून तिचा विश्वास उणा होत नाही. गुन्हा करणाऱ्याने पश्चात्ताप करावा, भरपाई करावी, कायद्याला सामोरे जावे. शुभवर्तमानातला जकातदार जक्कय सुधारला तेव्हा त्यानेही लुबाडलेले चौपट परत करण्याची तयारी दाखवली होती.

६. घरातल्या माणसाला वेळ द्या

कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढे त्या टिळकांकडे आल्या, पण सोवळे-ओवळे आणि वेगळी चूल कायम होती. ते सोडण्यासाठी टिळकांनी बळजबरी केली नाही. जातपात माणसाने केली आहे हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचाराने पटले आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ साली गेले, तेव्हा अपुरे राहिलेले त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे लक्ष्मीबाईंनीच लिहिले. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला दर वेळी वाटते, की या दोघांनी एकमेकांना किती सांभाळून घेतले! तरुण मुलगा उपासनेला येत नाही म्हणून घर डोक्यावर घेणाऱ्या आईबापांनी हे पुस्तक जरूर वाचावे.

७. आधी समेट, मग अर्पण

वेदीपाशी अर्पण आणलेस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर, असे प्रभू सांगतो. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते, म्हणून आदल्या शनिवारी संध्याकाळी, ज्याच्याशी बिनसले आहे त्याला फोन करायचा, असा आमच्या घरचा नेम आहे. माफी मागताना ‘चुकले, पण तूही…’ असे म्हणू नये. ‘माझे चुकले’ एवढ्यावर थांबावे. समोरच्याने फोन ठेवला तरी आपले काम झालेले असते.

८. शेजाऱ्याला वागण्यातून कळू द्या

गणपतीत आमच्याकडे मोदक येतात, नाताळात आमच्या करंज्या आणि केक शेजारी जातात. कोणाच्या घरी मयत झाले तर चहाचे पातेले आधी आमचे पोचते. ख्रिस्ती माणूस कसा असतो, हे गावाला आमच्या वागण्यावरूनच कळणार आहे.

वाचकहो, येत्या शनिवारी एकच करा. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे, त्याचे नाव घेऊन प्रार्थना करा आणि मग त्याला फोन लावा. रविवारच्या उपासनेला त्यानंतर जा.