दुर्बिणीच्या घरगुती आरशाची पारख

शाळेच्या विज्ञानमंडळाने दुर्बिणीचा आरसा घासावयास घेतला, म्हणजे मुलांचे कित्येक आठवड्यांचे श्रम त्यात खर्ची पडतात. काच चकाकू लागली की आरसा सिद्ध झाला, असे त्यांना वाटते. वस्तुतः चकाकी व आकार या भिन्न गोष्टी होत. आकार चुकलेला आरसा चंद्राची कडा पुसट दाखवितो, आणि मुले दोष देतात आपल्या डोळ्यांना. पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेने शिक्षक व हौशी निरीक्षकांसाठी दुर्बीण-निर्मितीच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. तेथे शिकून आलेल्या किंवा स्वतः आरसा घासणाऱ्या शिक्षकांनी पुढील पाठ अवश्य घ्यावा.

अपेक्षित अचूकता : आरशाच्या पृष्ठभागातील चूक सुमारे ०.००००७ मिलिमीटरहून अधिक नसावी. वहीचा कागद याच्या हजारपट जाड असतो. एवढी सूक्ष्म चूक दाखविणारी सोपी युक्ती फ्रान्समधील शास्त्रज्ञ फुको यांनी १८५८ साली सांगितली.

साहित्य : टॉर्च, सुईच्या टोकाने छिद्र पाडलेला वर्ख, लाकडी ठोकळ्यावर बसविलेले दाढीचे ब्लेड. ब्लेड शिक्षकांनीच हाताळावे.

कृती : आरशाचा व्यास १५० मि.मी. व नाभीय अंतर १२०० मि.मी. आहे असे समजू. खोली अंधारी करून आरसा उभा ठेवावा. त्याच्यापासून दुप्पट अंतरावर, म्हणजे २४०० मि.मी.वर, प्रकाशित छिद्र व ब्लेड शेजारी शेजारी ठेवावीत. परतलेले किरण जेथे एकत्र येतात, तेथे डोळा लावून ब्लेड हळूहळू आडवे सरकवावे. काचेवर चांदीचा किंवा ॲल्युमिनियमचा थर नसला तरी चालते.

निरीक्षण : सावली ब्लेडच्याच बाजूने आली, तर ब्लेड आरशाकडे अधिक जवळ आहे, उलट बाजूने आली, तर अधिक दूर आहे. संपूर्ण आरसा एकदम सारखा काळवंडला, तर तो गोलीय आहे. दुर्बिणीस अन्वस्ताकार हवा; तो साधला असता मेदूवड्यासारखी छाया दिसते, आणि कडेचे किरण मध्यभागाच्या किरणांपेक्षा सुमारे २.३ मि.मी. दूर एकत्र येतात.

आता एका मुलास आरशावर दहा सेकंद बोट टेकण्यास सांगावे. उबेने फुगलेली काच टेकडीसारखी दिसेल व हळूहळू मावळेल. म्हणून घासल्यानंतर आरसा निवल्यावाचून पारखू नये.

दुसरी पारख : आरसा नळीत बसविल्यावर ध्रुवतारा पाहावा. छत्रपती संभाजीनगर येथे तो क्षितिजापासून सुमारे २० अंश उंचीवर असून जवळजवळ स्थिर असतो. भिंग नाभीच्या आत व बाहेर सारखेच सरकविले असता प्रकाशाची वलये दोन्हीकडे सारखी दिसावीत. दुर्बीण सूर्याकडे कदापि रोखू नये.

तात्पर्य : १९९० साली अंतराळात गेलेल्या हबल दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा कडेला सुमारे ०.००२२ मि.मी. अधिक सपाट निघाला. कारण तपासणीच्या उपकरणातील एक भिंग १.३ मि.मी. चुकीच्या जागी बसले होते. इतर साध्या तपासण्यांनी दोष दाखविला होता; परंतु त्या कमी अचूक म्हणून बाजूस सारल्या गेल्या. दुरुस्तीस डिसेंबर १९९३ उजाडला.

तेव्हा दोन पारखी एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर सोयीची तेवढी स्वीकारू नये. पुन्हा मोजावे, पुन्हा घासावे. आपल्या कामातील चूक आपणच शोधून काढण्याची ही सवय मुलांना लागली, तर दुर्बीण हाती येण्यापूर्वीच पाठ सफल झाला असे समजावे.