विडी आणि आमवात

भाताच्या लावणीच्या दिवसांत रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या ओट्यावर बसलेल्या मंडळींत एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे सांधे. कोणाचे मनगट सुजलेले असते, कोणाची बोटे सकाळी वळत नाहीत. आणि हे सांगता सांगताच खिशातून विडीचे बंडल बाहेर येते. "फादर, दोन झुरके मारले की जरा बरे वाटते," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आज त्याविषयीच लिहावयाचे ठरविले.

प्रिय बंधुभगिनींनो, सगळीच सांधेदुखी एक नव्हे. उतारवयात गुडघा झिजतो, चालल्यावर दुखतो आणि बसल्यावर थांबतो. आमवाताचे तसे नाही. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. त्यात बहुधा दोन्ही हातांचे लहान सांधे एकदमच सुजतात, गरम लागतात. सकाळी अर्धा-एक तास मूठ मिटत नाही, राबातले रोप उपटता येत नाही आणि अंगात सतत थकवा राहतो. ऐन तिशी-चाळिशीतही तो जडतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन-तीन पटींनी अधिक आढळतो. शरीरात रोगजंतूंशी लढणारी जी शक्ती आहे, तीच येथे चुकते. शेताची राखण करणाऱ्या गड्याने गोफणीचे धोंडे पाखरांऐवजी आपल्याच कणसांवर मारावेत, तसा हा प्रकार आहे.

मग विडीचा संबंध काय? स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले की धुरामुळे फुप्फुसातील काही प्रथिनांचे रूप बदलते. शरीर त्यांना परके समजते आणि त्यांच्याविरुद्ध द्रव्ये तयार करते. पुढे हीच द्रव्ये सांध्यांवर उठतात. ज्यांच्या रक्तात वंशपरंपरेने तशी प्रवृत्ती आहे, त्यांना हा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो. म्हणजे हल्ला बोटांवर होतो, पण ठिणगी छातीत पडते. हे अभ्यास बहुतांशी सिगारेटवर झाले आहेत हे खरे. म्हणून विडी निरुपद्रवी ठरत नाही. ती विझू नये म्हणून जोराने व वारंवार ओढावी लागते आणि तिच्या धुरातील निकोटिन व डांबर सिगारेटपेक्षा कमी नसते.

आपल्याकडील तरुणांसाठी आणखी एक गोष्ट. दगड फोडताना उडणारी बारीक धूळही हा रोग ओढवून आणते, असे आढळले आहे. खडीच्या मशीनवर काम करणाऱ्याने वर विडीही ओढली तर दोन्ही अपाय एकत्र येतात.

ज्यांना आमवात जडला आहे, त्यांचे नुकसान अधिक. मेथोट्रेक्सेट हे या रोगावरील मुख्य औषध. विडी ओढणाऱ्यांना ते कमी लागू पडते. मग माणूस म्हणतो, "गोळ्यांत काही दम नाही," आणि बाजारातली बिननावाची पुडी घेतो. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. चार दिवस आराम पडतो, पुढे हाडे ठिसूळ होतात. शिवाय आमवाताने हृदय व फुप्फुसे आधीच धोक्यात असतात, त्यात धुराची भर. (मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. त्यावर ताडी-दारू नको, यकृत बिघडते.)

झुरक्याने बरे वाटते ते का? विडीची सवय झालेल्या शरीराला ती न मिळाली की बेचैनी येते. झुरका ती बेचैनी शमवितो. सूज जिथल्या तिथेच राहते.

सोडणे अवघड आहे, हे मी मान्य करतो. उपवासकाळात मांस व ताडी सोडणारे कितीतरी जण आपल्यात आहेत, विडीला मात्र कोणी हात लावीत नाही! एक दिवस ठरवा, घरच्यांना सांगा, बंडल घरात ठेवू नका. तलफ थोडी मिनिटेच टिकते. तेवढ्यात पाणी प्या, भाजलेले चणे चघळा. विडीऐवजी तंबाखू, गुटखा वा मिश्री धरू नका, त्याने तोंडाचा कर्करोग होतो. सरकारच्या १८००-११-२३५६ या क्रमांकावर फोन केल्यास विडी-तंबाखू सोडण्यासाठी फुकट सल्ला मिळतो.

दोन्ही हातांची सूज काही आठवडे उतरली नाही, तर लावणी संपण्याची वाट न पाहता सिल्वासाच्या विनोबा भावे सिव्हिल इस्पितळात जावे. उपचार लवकर झाले तर सांधे वाकडे होण्यापासून बरेच वाचतात. जुने कागद व गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. दिवसाला विड्या किती, असे डॉक्टरांनी विचारले की "दोन-चार" म्हणू नये. बंडल मोजून आकडा सांगावा.