सर्व्हर डाऊन आणि वाढलेला रक्तदाब

महिनाअखेरची पगारबिले भरायची आहेत, पडद्यावर ते गोल चक्र फिरते आहे आणि खिडकीबाहेर लोक ताटकळले आहेत. अशा वेळी समोर यंत्र आहे की वाघ, हे शरीराला फारसे कळत नाही. रक्तात ॲड्रेनालिन उतरते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, जबडा आवळला जातो. वाघापासून पळून गेलो की हे सारे ओसरते. खुर्चीतून मात्र पळता येत नाही. मग हा ताण मानदुखी, डोकेदुखी, पित्त होऊन संध्याकाळी घरी येतो. तिथे तो कोणावर निघतो, हे सांगायला नको.

चक्र फिरत असताना बटण पुन्हा पुन्हा दाबू नये. प्रत्येक वेळी नवा आदेश रांगेत लागतो. प्रिंटर जागा झाला की एकाच पत्राच्या दहा प्रती निघतात त्या यामुळेच. माऊसवरचा हात काढावा आणि श्वास घेतला त्याहून सावकाश सोडावा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते. दोन-तीन मिनिटे पुरतात. मग पडद्यावरची सूचना शब्दशः लिहून घ्यावी. ‘कॉम्प्युटर चालत नाही’ एवढ्यावरून दुरुस्तीवाल्याला काही कळत नाही, त्या वाक्यावरून कळते. शेजारच्या टेबलावरही तेच होत असेल तर दोष बहुधा नेटवर्कचा किंवा सर्व्हरचा, आपला नव्हे. एवढे कळले तरी निम्मा ताण उतरतो. आपल्याच यंत्राची कुरकुर असेल तर काम सेव्ह करून ते बंद करावे व पुन्हा सुरू करावे. अडकलेले प्रोग्राम सुटतात, मेमरी मोकळी होते.

मराठीत टाइप करणाऱ्यांचा एक जुना छळ आहे. रात्री बसून तयार केलेला अहवाल दुसऱ्या कार्यालयात उघडला की अक्षरांचा नुसता चिवडा! कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट तिथे नसला की आकार जातात, खालची इंग्रजी अक्षरे तेवढी उरतात. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकायला काही दिवस जातील, पण पुढचा कित्येक वर्षांचा मनस्ताप वाचेल.

डोळ्यांकडेही बघा. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते, म्हणून डोळे चुरचुरतात. दर 20 मिनिटांनी 20 फूट लांबच्या वस्तूकडे 20 सेकंद पाहावे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. पाणी मात्र पीत राहा. स्वच्छतागृह नीट नाही म्हणून अनेक भगिनी दिवसभर पाणीच टाळतात. तक्रार कार्यालयाकडे करावी, शिक्षा मूत्रपिंडांना देऊ नये.

खिडकीपलीकडचा माणूस कदाचित दिवसाची मजुरी बुडवून आला आहे. ‘उद्या या’ म्हणण्यापेक्षा ‘सर्व्हर बंद आहे, नंबर लिहून ठेवा, सुरू झाला की फोन करतो’ असे सांगितले की आवाज खाली येतात, त्याचाही आणि आपलाही.

रक्तदाबाची गोळी चालू असेल तर कामाच्या गर्दीत ती चुकवू नये. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप असे काही जाणवले तर बिल अर्धे राहू द्या, सोबत कोणाला तरी घ्या आणि लगेच रुग्णालय गाठा. 108 वर फोन केला की रुग्णवाहिका येते.