टोकन

मुदखेड

चि. बाळा,


परवा फोनवर तुझा आवाज फार उतरलेला होता. आठ दिवस जागून एका मुक्त सॉफ्टवेअरमधल्या बगची दुरुस्ती केलीस, पाठवायला गेलास तर दुसऱ्या कुणीतरी तीच आधी पाठवलेली. वाईट वाटणारच. पण बगखाली ‘हे मी घेतोय’ एवढी एक ओळ तू टाकली नव्हतीस.

इथून आदिलाबादचा फाटा सुटतो, तो तुला ठाऊक आहे. तुझे आजोबा एकेरी लाइनीवर पॉइंट्समन होते. बांबूच्या कड्याला कातडी पिशवी, तिच्यात लोखंडी गोळा, म्हणजे टोकन. ते कडं ड्रायव्हरच्या हाती पडल्याशिवाय गाडी पुढं निघत नसे, आणि पुढच्या स्टेशनात तो गोळा यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा बाहेर येत नसे. 1993 पासून चाललेल्या डेबियन या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातही तशीच रीत आहे. नवं पॅकेज बांधायला घेण्याआधी ‘माझा इरादा आहे’ असा बगच नोंदवतात, त्याला आयटीपी म्हणतात. जँगो प्रकल्पात बगचं तिकीट आपल्या नावावर करून घेतात.

पण नाव लावणं सोपं असतं रे. एका फाँटमध्ये ‘ऱ्य’चा रफार होत होता, ‘आचाऱ्यास’ लिहिलं की ‘आचार्यास’ दिसायचं, म्हणजे स्वयंपाक्याच्या जागी गुरुजी. त्या बगला मी ‘करतो’ म्हणून नाव लावलं. मग झेंडूची तोडणी आली, पाठोपाठ घरात लग्न. तीन महिने गेले. एका मुलीनं दोनदा विचारलं, ‘चालू आहे का?’ लाजेपोटी मी उत्तरच दिलं नाही. शेवटी नाव काढलं, तर तिनं चार दिवसांत दुरुस्ती पाठवली. तिला ते येत होतं. माझं नाव तिथं होतं म्हणून ती थांबली होती. ते मला अजून टोचतं.

म्हणून आधी बग आपल्या मशीनवर घडवून बघ, मगच नाव लाव. आठवड्यात अडलास तर जेवढं कळलं तेवढं तिथं लिही, अर्धवट कोडही दे, आणि नाव काढून घे. दुसऱ्याचं नाव धूळ खात पडलं असेल तर आधी त्यालाच विचार, थोडे दिवस थांब, मग मेंटेनरला सांग. परस्पर हिसकावू नकोस.

तुझे आठ दिवस मात्र फुकट गेलेले नाहीत. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो: कुणी थेट ऱ वापरतं, कुणी र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. एका तऱ्हेचा शब्द दुसरीनं शोधला की सापडत नाही, हाच तुझा बग ना? त्या पाठवलेल्या दुरुस्तीत ‘कुऱ्हाड’, ‘तऱ्हा’ तपासलेत का बघ. नसतील तर तुझ्या चाचण्या आजच तिथं दे, आणि या वेळी ‘हे मी घेतोय’ ही ओळ आधी लिही.

दसऱ्याला घरी ये. आई वाट बघतेय.

तुझा,
काका