आधी ओल शोध, मग बुरा पूस

पोरी, भिंतीवर पांढरं दिसलं की लगेच खराटा घेऊन भिडू नकोस. आधी थोडं पाणी शिंपडून बघ. विरघळून दिसेनासं झालं तर तो मातीतला खार. तसंच राहिलं किंवा काळं-हिरवट फासलं, तर बुरा. त्यावर कोरडा झाडू फिरवलास की त्याची भुकटी घरभर उडते आणि थेट छातीत जाते.

आपल्या माढ्यात पाऊस बेताचा, म्हणून ओलीचं कुणाला काही वाटत नाही. पण सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला पूर आला आणि दारफळ, उंदरगावात पाणी घराघरांत शिरलं. अशा वेळी माणूस आधी गाळ उपसतो आणि ओल्या गाद्या कोपऱ्यात पडून राहतात. बुरा धरायला मात्र एक-दोन दिवस पुरतात. कापसाच्या गादीवर जीव अडकवू नकोस. वरून वाळली तरी आत ओलीच राहते, टाकूनच दे. टाकण्याआधी फोटो काढ, तलाठी पंचनाम्याला आला की दाखवता येतो. वाकळा गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाक. लोखंडी कपाट, फरशी साबणाच्या पाण्यानं निघते.

भिंत पुसताना पदर नाकाला लावून भागत नाही. मेडिकलमधून एन-95 मास्क आण, रबरी हातमोजे घाल, डोळ्यांना चष्मा लाव. खिडकी उघडी, पंखा बंद, आतल्या खोलीचं दार लावलेलं. दम्याचं माणूस, लेकरं, गरोदर बाई त्या दिवशी शेजारी. डाग साबणाच्या पाण्यानं ओला करून फडक्यानं पूस, फडकं पिशवीत बांधून फेक. तीन फूट लांब, तीन फूट रुंद एवढ्यापेक्षा जास्त पसरला असेल तर जाणत्या माणसाला बोलाव. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड एका बादलीत कधीही नको, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

पण पुसायच्या आधी पाणी येतं कुठून ते शोधलं नाहीस तर पुढच्या पावसात पुन्हा तेच. माळवदाला भेग, पत्र्याचा खिळा, न्हाणीचा फुटका पाइप, सगळं बघ. मातीच्या जुन्या भिंतीला लोक हौसेनं सिमेंटचा गिलावा करतात, मग आतली ओल आतच कोंडते. त्यापेक्षा चुना बरा, तो ओल बाहेर पडू देतो आणि बुऱ्यालाही मानवत नाही. शेणानं सारवायची घाई नको, शेण म्हणजे त्याला खाद्यच. आणि ओल्या भिंतीवर ऑइलपेंट मारून डाग झाकून देतो म्हणणारा रंगारी दारातूनच परत पाठव.

बुरा भिंतीवरच धरतो असं नाही. कणगीतली ज्वारी, भुईमुगाच्या शेंगा भिजून बुरसल्या तर वरचं काढून खालचं दळायचं नाही. त्यातलं विष भाजून-शिजवून जात नाही. बुरसलेला कडबाही दावणीत टाकू नकोस, गाभण म्हशीपुढं तर नाहीच.